आवाज फाटतो

जाहिरातीचा दावा निःसंदिग्ध होता: “गाडीतला ॲम्प्लिफायर सदोष. आवाज फाटतो. येईल त्या किमतीस विकणे.” पुरावा म्हणून विक्रेत्या म्हातारबुवांनी स्वतःचे कान सादर केले; आयुष्यभर इतरांची वाद्ये सुरात लावलेल्या कानांची उलटतपासणी कोण घेणार? जुने ॲम्प्लिफायर विकत घेणारा व्यापारी मात्र मालकापेक्षा मालावर विश्वास ठेवी. डिकीत वाकून पाहतो तर आवाज वाढवणारा स्क्रू शेवटपर्यंत पिळलेला. त्याने तो मध्यावर आणताच स्टिरिओवरचे व्हायोलिन लख्ख वाजू लागले. “आता मुकाच केलात की!” म्हातारबुवा कडाडले. “काका, यंत्र ठणठणीत आहे. हा स्क्रू कोणी पिळला?” “डिकीची किल्ली हिच्याकडे. हिला विचारा!” शेजारी उभ्या काकू पुढे आल्या. नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन त्या म्हणाल्या, “तुम्हाला ऐकू कमी येतंय, हे तुम्हालाच कळू नये, म्हणून मीच रोज थोडा थोडा पिळत गेले.”