घोडा मागोमाग आला

कायद्याची कलमं सांगता सांगता वकील रेवती सोनटक्के अडखळली. तिचा हा पहिलाच खटला होता. घोडा चोरल्याचा आरोप असलेला बँडवाला दौलत पिंजऱ्यात रडवेला उभा होता.

तिने फाइल मिटली. "साहेब, काय घडलं तेवढंच सांगते. हा घोडा अकरा वरातींत दौलतरावांच्या क्लॅरनेटवर नाचलाय. त्या दुपारी लग्न आटोपलं, हे वाजवत घरी निघाले आणि घोडाही मागोमाग निघाला."

"मग?" न्यायाधीश पुढे झुकले.

"दारात बायको म्हणाली, पाहुणे आणायचे तर आधी कळवावं."

सगळं कोर्ट हसलं. फिर्यादी घोडेवालाही म्हणाला, "असंच झालं असणार, साहेब. त्याला नाचाचं वेडच आहे."

दौलतला निर्दोष सोडलं. रेवती बाहेर आली ती भेटेल त्याला हीच गोष्ट पहिल्यापासून सांगत सुटली.