भूतबंगल्यातलं हसू

हल्लीचे भूतबंगलेवाले आळशी झालेत. आत माणसं लपवून घाबरवायचं सोडून गिऱ्हाइकांच्याच गेल्या साली टेप केलेल्या किंकाळ्या वाजवतात.

तरी यंदा बालाघाटच्या मेळ्यात मी एकटाच आत शिरलो. अंधारात माझी अंजू हसली. सगळे जिथं किंचाळतात, तिथं ती दरसाल हसायची.

बाहेर येऊन मी मालकाचे हात धरले. "माही बायको उन्हाळ्यात गेली, भाऊ. टेपमधला तिचा आवाज तेवढा मले दे."

"कोनता आवाज? स्पीकर तं मागल्या मेळ्यात, किरनापुरातच जळला."

मी परत आत गेलो. ती हसली, मग खोकली. तो खोकला दवाखान्यातला होता. तिथं रोज म्हणायची, तेच ती माझ्या कानाशी म्हणाली:

"मले घरी घेऊन चला नं."