गॅलरीचा हक्क

मॉलच्या मॅनेजरने पुढे केलेला माईक कमलिनीबाईंनी बाजूला सारला. "इथे लॅन्सडाउन थिएटर होतं तेव्हा मी माईकशिवाय गायलेय. आजही तशीच गाणार."

इंग्रजांच्या काळातलं ते थिएटर पाडूनच मॉल उभा राहिला होता. आज त्याच्या आठवणीचा फलक लागत होता. खरेदीला आलेली माणसं थबकली. ब्याऐंशी वर्षांच्या बाईंनी डोळे मिटून नांदी सुरू केली. कापऱ्या आवाजातली पहिली ओळ कशीबशी समोरच्या खुर्च्यांपर्यंत पोचली.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्याच्या कठड्याशी उभा असलेला एक म्हातारा, कानामागे हात धरून, खणखणीत ओरडला, "आवाज!"

मॅनेजरचा चेहरा पडला. "सिक्युरिटी, त्या आजोबांना बाहेर न्या!"

"हात लावाल तर याद राखा!" बाई कडाडल्या. "लॅन्सडाउनच्या गॅलरीतला माणूस आहे तो. शेवटच्या बाकावर ऐकू आलं नाही की गॅलरी अशीच ओरडायची आणि नटाने मुकाट्याने आवाज चढवायचा. हक्कच होता त्यांचा. माझ्या आईच्या वेळी पुढे गोरे साहेब बसायचे, पण तीही गायची ती गॅलरीसाठीच."

त्यांनी पदर खोचला, मान वर केली आणि नांदी पुन्हा पहिल्यापासून घेतली. सरकत्या जिन्यावरची माणसं वळून बघू लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या दुकानांतून लोक बाहेर आले.

तिसऱ्या मजल्यावर म्हाताऱ्याने कानामागचा हात खाली घेतला.