टक्क्यांची मोकळी जागा

निमगाव केतकीच्या स्टँडवर राजवर्धन बॅग घेऊन उभा होता आणि त्याच्या डोक्यावर, दोन खांबांच्या मधे, दुसरा राजवर्धन हसत होता. वरच्याला फेटा होता, गॉगल होता. 'दहावीच्या परीक्षेत घवघवीत यश मिळविल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खालचा गणितात नापास झालेला होता.

आता हे असं कसं, तर फ्लेक्स निकालाच्या आदल्या दिवशीच लागला होता. गेल्या वर्षी बिरदेवरावांच्या नातवाचा फ्लेक्स आधी लागला आणि स्टँडसमोरची मोक्याची जागा गेली, हे राजवर्धनच्या आजोबांच्या, दत्तोबा आबांच्या मनात वर्षभर सलत होतं. शिवाय निकालाच्या दिवशी इंदापुरात छपाईवाल्याकडं ही झुंबड. म्हणून आबांनी टक्क्यांची जागा तेवढी मोकळी सोडून नातवाचा फ्लेक्स आधीच छापून घेतला. टक्के काय, मागनं चिकटवता येतात. पोरगं नापास होऊ शकतं, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

दुपारी मोबाइलवर निकाल दिसला, तोवर निम्म्या गावात पेढे वाटून झाले होते. आबांनी मोबाइल खिशात टाकला आणि उरलेल्या निम्म्या गावातही वाटले.

पोराला वाटाच नव्हत्या असं नाही. एकच विषय गेलेला. फेरपरीक्षा तोंडावर होती. नाहीतर तो विषय मागं ठेवून अकरावीला बसता आलं असतं. राजवर्धनला स्वतःला इंदापूरच्या आयटीआयला जाऊन ट्रॅक्टरचं काम शिकायचं होतं, गणित काढलं की तेही जमणार होतं. पण यातली कुठलीही वाट धरायची तर आधी 'नापास झालो' म्हणावं लागत होतं, आणि आबांच्या घरात नेमकं तेवढंच कुणी म्हणायचं नव्हतं. पोराचा बाप तर आबांपुढं जन्मात कधी बोलला नव्हता. तो आजही घरीच थांबला.

मग आबांनीच वाट काढली. नगरकडं त्यांच्या मेव्हण्याची पोल्ट्री होती, तिथं कोंबड्यांना खाद्य टाकायला माणूस पाहिजे होता. गावाला सांगायचं, पोरगा डिप्लोमाला गेला. आज त्याला बसमध्ये बसवून द्यायला आबा आणि आई स्टँडवर आले होते.

"काय रं, कुठं निघालास?" भाजीची पाटी घेऊन चाललेल्या साखरबाईनं विचारलं.

"डिप्लोमाला," आबाच म्हणाले.

"बरं झालं बाई. पेढा पोचला हं आबा." ती गेली.

फ्लेक्सवाला सिद्धू शिडी खांद्यावर घेऊन येताना दिसला. राजवर्धनच्या आईला वाटलं, आबांनी फ्लेक्स उतरवायला बोलावलाय. तिला जरा धीर आला.

"आबा, पोरगं परत बसतो म्हणतंय," ती हळूच म्हणाली. "एकच तर विषय हाय."

"बसंल की. आन् शाळंच्या भिताडावर फेरपरीक्षेचा नंबर लागंल, त्यो कोण वाचंल? बिरदेवच वाचंल."

तेवढ्यात वर्गशिक्षक मुलाणी सरांची मोटारसायकल येऊन थांबली. सर घाईत होते.

"बरं झालं गाठ पडली. फेरपरीक्षेच्या फॉर्मची आज शेवटची तारीख हाय आबा. याची एक सही पायजे, बाकीचं मी बघतो. थोडक्यात गेलंय पोरगं, सहज काढंल."

राजवर्धन पुढं झाला. निकालापासून पहिल्यांदा कुणीतरी चारचौघांत खरं बोललं होतं आणि त्याला एकदम रडूच यायला लागलं. "मी बसतो सर," तो म्हणाला.

आबांनी आजूबाजूला बघितलं. टपरीवर चहा पिणाऱ्यांचे कप हातातच थांबले होते.

"सर, कुणाबद्दल बोलताय?" आबा शांतपणे म्हणाले. "आमचा राजवर्धन पास हाय. वर वाचा की."

सरांनी वर बघितलं. फ्लेक्सच्या तळाला शुभेच्छा देणाऱ्यांच्या फोटोंची रांग होती. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, आणि त्यांच्या शेजारी स्वतः मुलाणी सर, कोट घालून. आबा शाळेच्या कमिटीवर. त्यांनी फोटो मागितला आणि सरांनी लगेच पाठवला होता.

"तुमीच अभिनंदन केलंय न्हवं?"

टपरीवर कुणीतरी खुदकन हसलं. सरांनी राजवर्धनकडं बघितलं नाही. पेन खिशाला अडकवत ते म्हणाले, "माझाच घोटाळा झाला आबा. ते दुसऱ्या पोराचं हाय."

"सर..." आई म्हणाली. पण सरांनी किक मारली होती.

बस आली. आईनं भाकरीचं फडकं पोराच्या हातात दिलं. आबांनी खिशातून कागदात बांधलेला पेढा काढला आणि टपरीवरच्या लोकांना दिसेल असा त्याच्या तोंडात घातला. "शिकून मोठा हो," ते म्हणाले.

राजवर्धन खिडकीपाशी बसला. पेढा त्याला गिळवेना आणि सगळ्यांसमोर थुंकताही येईना. बाहेर सिद्धूनं शिडी खांबाला लावली, वर चढला आणि टक्क्यांच्या मोकळ्या जागेवरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसली.

"आबा, किती टाकू?"

बस हलली तरी आबा विचारच करत होते.

"लई नको," ते म्हणाले. "पटंल एवढंच टाक."