दुसरा नट
परदेशातल्या चार दिवसांच्या मोटारसायकल सफरीचा नकाशा गॅरेजमधल्या टेबलावर पसरला होता. प्रत्येक गाडीसाठी एक लोखंडी नट मांडून दाढीवाला मित्र क्रम लावत होता. आमची रीत जुनी: सगळ्यात कच्चा गडी म्होरक्याच्या लगेच मागे, सगळ्यात पक्का शेवटी, मागे पडलेल्यांना सांभाळायला. शेवटी कायम मीच. आज त्यानं माझा नट दुसरा ठेवला. माझं डोकंच फिरलं. "मी लिंबूटिंबू झालो काय रे? तुम्हाला क्लच दाबायला कुणी शिकवलं?" "अरे, डोळा गेलाय तुझा." "एक गेलाय! दुसऱ्यानं तुम्हा सगळ्यांना पुरून उरेन." सगळे आपापल्या चहात डोकावत बसले, त्यानं मी आणखीच भडकलो. तावातावानं नट उचलायला हात घातला. चिमटीत काहीच आलं नाही. नट बोटभर पलीकडे होता. कुणी हसलं असतं तर भांडता तरी आलं असतं.