बाकावरची साक्ष

“इथेच?” मुलगी दारात थबकली.

“अगं, परीक्षा चालू आहेत. दुसरी खोली कुठली रिकामी मिळायला?” चौकशी समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. बाई प्रेमळ होत्या. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “आणि तुझ्याच भल्यासाठी निवडलीय ही. इथलं बोलणं बाहेर जात नाही. अगदी मोकळेपणाने बोल. आई बाहेर बसतील.”

ग्रंथालयाच्या मागची ही खोली. चारही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत जुन्या मासिकांचे बांधीव खंड. एकामागे एक अशी दोन जाड दारं. याच खोलीत, ही दोन्ही दारं लावून, त्या मुलाने तिला गाठलं होतं. वादविवादाच्या ढाली जिंकून आणणारा मुलगा, कॉलेजचं भूषण. सरावासाठी खोलीची किल्ली त्याच्याकडेच असायची. आईला हे सगळं ठाऊक होतं. तिने बोलायला तोंड उघडलं, पण तोवर मुलगी आत गेली होती. आधी आतलं दार लागलं, मग बाहेरचं.

आई बाकावर टेकली. हाच तो बाक. त्या दुपारी शिपाई इथेच बसला होता. “मी जागचा हललो नाही साहेब, आणि काहीसुद्धा ऐकलं नाही,” असं त्याने समितीला सांगितलं होतं. शिपाई खोटं बोलणारा माणूस नव्हता, हीच तर पंचाईत होती. सगळं प्रकरण त्याच्या एका वाक्यावर येऊन अडलं होतं. दाराला खेटून माणूस बसलेला असताना मुलगी ओरडली असेल, तर त्याला ऐकू कसं आलं नाही? आणि ओरडलीच नसेल, तर मग बळजबरी कसली? समितीने इतकं उघड विचारलं नव्हतं. ‘परस्परसंमतीची शक्यता’ असे गुळगुळीत शब्द वापरले होते. आजची बैठक शेवटची. आज मुलीला काही नवं सांगता आलं नाही तर फाइल बंद, मुलगा निर्दोष. मुलीने दुसरं कॉलेज शोधलेलं बरं, हे प्राचार्यांनी चहा पाजून आधीच सुचवून ठेवलं होतं.

पाल आईच्याही मनात चुकचुकली होती. पण हे कबूल कोणाजवळ करणार? त्या संध्याकाळी मुलगी घरी आली, जे झालं ते तिने सांगितलं, आणि आईच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हाच.

“अगं, मग तू ओरडली का नाहीस?”

“ओरडले गं. तुलाच हाका मारल्या.”

त्यावर आई गप्प बसली. ते गप्प बसणं मुलीने बरोबर ओळखलं. तेव्हापासून दोघी एकाच घरात परक्यासारख्या वावरत होत्या.

आई पाळणाघर चालवायची. तिचे कान हा गल्लीत चेष्टेचा विषय होता. मिक्सर घरघरत असतानाही आतल्या खोलीत कुठलं पोर कुरकुरतंय, भुकेने की दुपटं ओलं झालं म्हणून, ते ती हातातलं काम न सोडता सांगायची. “हिच्याबद्दल काही बोलायचं तर परगावी जावं लागतं,” असं तिचा नवरा पाहुण्यांना हटकून ऐकवायचा.

आता ती कानांत प्राण आणून बसली होती. जिन्यावर कोणाच्या तरी चपला वाजल्या. खालच्या वर्गात पर्यवेक्षक कोणावर तरी खेकसला. टोकाच्या स्वच्छतागृहात नळ टपटपत होता. तो मुलगाही खाली आरामात पेपर लिहीत असेल, असं मनात आलं आणि तिच्या मुठी वळल्या.

आतून मात्र काही नाही. ना बाईंचा आवाज, ना मुलीचा. बसली असेल मूग गिळून. लहानपणापासून अशीच. पडली, गुडघा फुटला, तरी तोंडातून ब्र काढायची नाही. “बोल गं बाई, आज तरी बोल,” आई पुटपुटली. तिला मुलीचा रागच आला. मग त्या रागाची लाज वाटली.

एकदम दार उघडलं.

मुलगी उंबऱ्यात उभी होती. चेहरा लालबुंद, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. मागे टेबलाभोवती समिती बसली होती. अध्यक्षबाईंचा हात छातीवर होता. शेजारच्या वकिलांच्या पुढ्यात पेला आडवा झाला होता, आणि पाणी कागदांवरून वाहतंय याचं त्यांना भान नव्हतं.

“आई,” मुलगी म्हणाली. घसा पार बसला होता, शब्द कसाबसा बाहेर आला. “मी आत्ता तुला हाक मारली. ऐकू आली?”

सगळे आईकडे बघत होते. ‘हो’ तिच्या अगदी ओठांवर आलं. चारचौघांत लेकीची बाजू घ्यायची, तर आई दुसरं काय म्हणणार? पण लेक तिच्याकडे अशी बघत होती की खोटं बोलायची सोयच नव्हती.

“नाही गं,” ती म्हणाली. “कधी मारलीस?”

आणि बोलता बोलताच तिची नजर त्या दोन जाड दारांकडे गेली. ती बाकाला धरून उभी राहिली.

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते न पुसताच ती आत वळली.

“तुमच्यासमोर मारली. पुन्हापुन्हा, जीव तोडून. आज बाकावर शिपाई नव्हता, मॅडम. माझी आई होती.”