अमिषाचा खुराक

"पंचावन्न तीनशे," वजन घेणारे पंच म्हणाले आणि त्यांनी चष्म्यावरून क्रीडाशिक्षिका नेत्राबाईंकडे पाहिलं. "बसत नाही हो, बाई. पंचावन्नच्या वर चालत नाही, तुम्हाला काय मी सांगायचं?"

काही सांगायला नको होतं. रेवदंड्याच्या शाळेतल्या त्या वर्गात बाकं भिंतीला सरकवून काटा मांडला होता, आणि अमिषा त्यावर उभी होती ती उतरेचना. आणखी थोडा वेळ उभं राहिलं तर काट्याला दया येईल, असं वाटत असावं तिला. सबंध सुधागड तालुक्यात तिच्यासारखी चढाई करणारी पोर नव्हती. आज इथे मुलींच्या शालेय कबड्डीचा जिल्ह्याचा संघ निवडायचा होता. आणि पुढच्या वर्षी ती वयातच बसणार नव्हती.

"उतर खाली!" नेत्राबाई खेकसल्या. "काय काय खाल्लंस काल?"

"कोकिळाकाकूंकडची अंडी. मग नाचणीची खीर. रात्री सरपंचांच्या घरनं म्हशीचं दूध." अमिषा खाली मान घालून म्हणाली. "काल त्यांचा वार व्हता, बाई."

वार! तालुका जिंकल्यापासून गावाने अमिषाच्या खुराकासाठी घराघराला वार लावून दिले होते. एरवी या गावाचं नळाच्या पाण्यावर एकमत होत नाही, पण कबड्डी म्हटलं की सगळे सख्खे भाऊ. आणि बोलायची तरी सोय होती का? सत्काराच्या दिवशी देवळासमोर माईक धरून "पोरींना पोटभर वाढा, मुलग्यांइतकंच वाढा" असं ठणकावून सांगितलं होतं कोणी? नेत्राबाईंनीच. टाळ्यासुद्धा चांगल्या कडकडून पडल्या होत्या. आता बोंब मारायची तर कोणाच्या नावाने मारायची?

"यादी बंद व्हायला अर्धा तास आहे," पंच जरा नरमले. "पळवा तिला. पुन्हा घेतो वजन."

बाईंनी दोन पोरींची जॅकेटं काढून अमिषाच्या अंगावर चढवली आणि तिला मैदानाभोवती पळायला लावलं. ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. "थुंकत राहा. आणि पाणी प्यायचं नाही. थेंबसुद्धा नाही, कळलं?" पोरगी गुमान पळत राहिली. मधेच बाईंनी तिला आत नेऊन काट्यावर उभी केली.

"पंचावन्न पन्नास," पंच म्हणाले. "आलं की हो! पन्नास ग्रॅम राहिलं फक्त."

बाईंच्या जिवात जीव आला. "पळ बाळा, अजून दोन-तीन फेऱ्या. झालंच!" असं म्हणून त्या बाकीच्या पोरींच्या कागदांवर सह्या करायला आत बसल्या. तेवढ्यात फाटकातून गावचा टेम्पो ढोल वाजवत मैदानात शिरला. अमिषा दोन जॅकेटं घालून पळतेय हे बघून सगळ्यांना वाटलं, सरावच चाललाय. "पळ गो अमिषा, पळ!" असा एकच गिल्ला उठला. बाईंना आत बसल्या बसल्या हसू आलं. ओरडा लेको, म्हटलं, ओरडा.

अमिषा धापा टाकत आली. तोंड लालबुंद. जॅकेटं काढून काट्यावर चढली. पंच वाकले, त्यांनी चष्मा पुसला आणि परत वाकले.

"बाई, हे वाढलं."

"वाढलं? पळून वाढलं?"

"पंचावन्न अडीचशे."

बाईंनी अमिषाकडे पाहिलं. अमिषाने जमिनीकडे.

"काय प्यायलीस?"

"शहाळं. आजोबांनी दिलं."

"अगं ए! थेंबसुद्धा नको म्हटलं होतं ना मी? कान कुठे ठेवून आली होतीस? नाही म्हणून सांगता येत नव्हतं?" बाईंचा आवाज चिरकला. वर्गाबाहेरच्या दुसऱ्या शाळेच्या पोरी आत डोकावायला लागल्या.

अमिषा अजून काट्यावरच उभी होती. "राहुलदादा मागत व्हता शहाळं. आजोबा त्याला म्हनले, तू थांब, आधी अमिषाला." तिने नाक पुसलं. "असं ते कधीच म्हनले न्हवते, बाई. मग न्हाय कसं म्हनू?"

पंचांनी घड्याळाकडे बघितलं, अमिषाच्या नावावर रेघ मारली आणि यादी मिटली.

नेत्राबाई बाहेर आल्या. डोकं फिरलं होतं. आता एकेकाला धरून सांगणार होत्या त्या, मिटवा तुमचे ढोल आणि जा घरी, वाट लावलीत पोरीची! तर पायरीशीच भागोजी, अमिषाचे आजोबा, कोयता घेऊन उभे. दुसऱ्या हातात ताजं सोललेलं शहाळं.

"घ्या बाई. सकाळधरनं उन्हात हाव तुमी. आमच्या पोरीसाठी लई केलंत." म्हाताऱ्याचं सगळं तोंड हसत होतं. "मी तर म्हनायचो, पोरीच्या जातीला कशाला पायजे खेळ. चुकलंच माझं. नाय म्हनू नका, घ्या."

बाईंनी मागे पाहिलं. अमिषा दारात उभी राहून त्यांच्याकडेच बघत होती.

बाईंनी दोन्ही हातांनी शहाळं घेतलं आणि तोंडाला लावलं.

"मग?" भागोजीने विचारलं. "कधी उतरतेय आमची पोर मैदानात?"

पाणी केव्हाच संपलं होतं. तरी बाई शहाळं तोंडापासून काढेनात.